थंड वाळवंटातील तांबडे मद्य : मेन्दोसाच्या मालबेक द्राक्षाचा अभ्यास

पाणी कमी म्हणजे पीक कमी आणि पीक कमी म्हणजे उत्पन्न कमी, असा हिशेब अवर्षणग्रस्त भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मांडत आला आहे. बहुतेक पिकांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. परंतु मद्याच्या द्राक्षास हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे मालाच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मण्याच्या सालीस, रंगास व आम्लतेस असते. आणि हे गुण पाण्याच्या सुबत्तेतून येत नाहीत.

गेल्या हंगामात एका गावच्या बैठकीत एका वयस्क द्राक्षबागायतदाराने प्रस्तुत लेखकास विचारले, “साहेब, वाइनवाले सांगतात की माल कमी घ्या, घड विरळ करा. पण पैसे तर वजनावरच देतात. मग आम्ही आमच्या हाताने घड काढून का टाकायचे?” प्रश्न रोखठोक होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी देता आले नाही. ज्या प्रदेशाने हाच प्रश्न मोठी किंमत देऊन सोडविला, त्या प्रदेशाची माहिती येथे दिली आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. पीक, पाणी आणि भाव यांचा परस्परसंबंध समजून घेणे, एवढाच हेतू आहे.

प्रदेशाची ओळख

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाच्या पश्चिम सीमेवर अँडीज पर्वताची प्रचंड रांग आहे. तिच्या पूर्व पायथ्याशी मेन्दोसा हा प्रांत वसला आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्प पर्वताच्या पश्चिम उतारावर पाऊस व बर्फ होऊन पडते आणि पूर्वेकडे पोहोचणारा वारा कोरडा असतो. सह्याद्रीच्या पूर्वेस आपल्याकडे जसा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, तसाच हा प्रकार, परंतु फार तीव्र. मेन्दोसात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे आठ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आपले माण, सांगोला यांसारखे कोरडे तालुकेदेखील याहून पुष्कळ अधिक पाऊस पाहतात.

हे वाळवंट असले तरी उष्ण वाळवंट नव्हे. प्रांताच्या राजधानीच्या नैर्ऋत्येस ऊको नावाचे खोरे आहे. तुपुंगातो, तुनुयान व सान कार्लोस हे तीन तालुकेवजा विभाग त्यात मोडतात. येथील द्राक्षबागा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० ते १,५०० मीटर उंचीवर आहेत. दर १०० मीटर उंचीस हवेचे तापमान साधारणतः अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. त्यामुळे खोऱ्याच्या तळाच्या बागेपेक्षा वरच्या बागेत हवा तीन-चार अंशांनी थंड असते. उन्हाळ्यात दिवसा ऊन कडक पडते, परंतु आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्याने सूर्य मावळताच जमीन झपाट्याने निवते. दिवस व रात्र यांच्या तापमानात १५ अंशांचे, कधी त्याहूनही अधिक, अंतर पडते. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. थंड वाळवंट म्हणतात ते यालाच.

तेथील ऋतू आपल्या उलट असतात, हे ध्यानात ठेवावे. छाटणी जून ते ऑगस्टमध्ये, फुलोरा नोव्हेंबरच्या सुमारास, मण्यांत पाणी उतरणे जानेवारीत आणि तोडणी मार्च-एप्रिलमध्ये, असा साधारण क्रम आहे.

जमीन पर्वतावरून वाहून आलेल्या दगडगोट्यांची, वाळूची व गाळाची आहे. सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असून अनेक ठिकाणी गोट्यांवर चुनखडीचे पांढरे लेप आढळतात. आपल्याकडील शेतकरी अशा जमिनीस हलकी म्हणून नाक मुरडील. परंतु निचरा उत्तम असल्याने मुळे खोल जातात आणि वेल नुसती पानाला जोर करीत नाही.

मालबेक येथे कसे आले

मालबेक ही जात मूळची फ्रान्सची. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लो नदीच्या काठी काओर गावाच्या परिसरात ती फार पूर्वीपासून लावली जाते. तिच्या गडद रंगामुळे तेथील मद्यास काळे मद्य म्हणत असत. परंतु फ्रान्सच्या दमट हवेत या जातीच्या अडचणी पुष्कळ. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड व ओली राहिली तर फूलगळ होऊन घड विरळ सुटतात; केवड्यास ती बळी पडते आणि हिमदवाने लवकर दगावते. फेब्रुवारी १९५६ मधील भीषण थंडीत काओर व बोर्दो भागातील असंख्य वेली मेल्या. बोर्दोत त्यानंतर बहुतेकांनी दुसऱ्याच जाती लावल्या.

मेन्दोसात ही जात पोहोचली ती शासकीय कृषिशाळेच्या मार्गाने, ही गोष्ट विस्तारकार्य करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या दोमिंगो सार्मिएंतो यांच्या प्रेरणेने मेन्दोसात रोपवाटिका व कृषिशाळा स्थापण्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी प्रांतिक विधिमंडळापुढे आला. फ्रेंच कृषितज्ज्ञ मिशेल पूझे यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी आणलेल्या जातींत मालबेक होती. आज १७ एप्रिल हा दिवस जगभर मालबेक दिन म्हणून पाळला जातो. १८८५ मध्ये राजधानी ब्वेनोस आइरेसपासून मेन्दोसापर्यंत रेल्वे आली, इटली व स्पेनमधून शेतकरी स्थलांतर करून आले आणि बागांचा विस्तार झाला. जी जात फ्रान्समध्ये रडतखडत जगत होती, ती कोरड्या हवेत रोगांपासून बचावून नीट पिकू लागली.

पाण्याची व्यवस्था

आठ इंच पावसावर द्राक्षबाग जगत नाही. मेन्दोसाची शेती उभी आहे ती अँडीजवरील बर्फाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात बर्फ वितळून मेन्दोसा, तुनुयान, दियामांते, आतुएल या नद्यांना पाणी येते आणि ते कालव्यांनी शेतांपर्यंत नेले जाते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तेथील वार्पे नावाचे मूळ रहिवासी पाट काढून शेती करीत असत. पुढची कालवेव्यवस्था त्याच पायावर वाढली. प्रांताच्या एकूण क्षेत्रापैकी शंभरांत पाच भागांहूनही कमी भूमी ओलिताखाली आहे. बाकी सारे काटेरी झुडपांचे रान आहे.

पाण्याचा कायदा १८८४ साली झाला. त्यातील एक तत्त्व असे की, पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला असतो; जमीन सोडून केवळ पाणी विकता येत नाही. प्रत्येक कालव्यावरील शेतकरी आपल्यातून एक प्रमुख निवडतात. पाणी पाळीने मिळते आणि पाळीप्रमाणे दारे उघडण्या-मिटण्याचे काम करणारा माणूस असतो, त्यास तोमेरो म्हणतात. रात्री दोन वाजता पाळी आली तर शेतकरी रात्री दोन वाजता फावडे घेऊन बांधावर हजर राहतो.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांची फड पद्धत याच जातीची आहे. तेथेही पाटकरी पाणी वाटतो, जागल्या राखण करतो आणि पंचांचा शब्द चालतो. दोन्हीकडे मुद्दा एकच : पाणी थोडे असले तरी वाटणी निश्चित असेल तर शेतकऱ्यास पिकाचे नियोजन करता येते. अनिश्चित पाणी हे थोड्या पाण्यापेक्षा वाईट असते.

पाण्याविषयी तेथील जनता किती जागरूक आहे, हे डिसेंबर २०१९ मध्ये दिसून आले. धातूंच्या खाणकामात सायनाइड व गंधकाम्ल यांच्या वापरास मनाई करणारा २००७ चा कायदा प्रांतिक विधिमंडळाने शिथिल केला. हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि महिना संपण्यापूर्वीच ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. २०१० नंतर अँडीजवर बर्फ कमी पडण्याची वर्षे लागोपाठ आल्यामुळे हा प्रश्न अधिकच नाजूक झाला आहे.

पूर्वी सर्वत्र सरीने व वाफ्याने पाणी देत असत. अलीकडे, विशेषतः उंचावरील उताराच्या जमिनीत, ठिबक सिंचन आले आहे. मात्र ठिबकामुळे मुळांच्या कडेस क्षार साचू शकतात आणि ते धुऊन काढण्यास अधूनमधून भरपूर पाणी द्यावे लागते, हा अनुभव आपल्याही बागायतदारांना आहे.

मद्याचे गुण व त्यांची कारणे

चांगल्या मालबेक मद्याचा रंग गडद जांभळा असतो. पेला तिरपा धरला तर कडेस किरमिजी छटा दिसते. वास पिकलेल्या आलुबुखाराचा व काळ्या रानबेरींचा. आपल्याकडील जांभळाची आठवण व्हावी असा. उंचावरील थंड बागांच्या मद्यात फुलांचा मंद वासही येतो. चवीस ते भरदार असते, तुरटपणा असतो पण तो घशास ओरबाडत नाही, आणि शेवटी किंचित आंबटपणा जीभ स्वच्छ करून जातो. मद्यार्काचे प्रमाण साधारणतः १३.५ ते १४.५ टक्के असते. यातील प्रत्येक गुणास शेतात कारण आहे.

रंग व तुरटपणा : मालबेकचा गर जवळजवळ रंगहीन असतो. रंग असतो तो सालीत. म्हणून तांबडे मद्य करताना रस सालीसकट आंबवितात. तुरट द्रव्ये साल व बी यांतून उतरतात. लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते, मोठ्या मण्यात कमी. पाणी भरपूर दिले की मणी फुगतो, वजन वाढते आणि रंग पातळ होतो. म्हणून फळधारणा झाल्यापासून मण्यांत पाणी उतरेपर्यंत वेलीस बेताचा ताण देण्याची पद्धत आहे. हा ताण फुलोऱ्यात द्यावयाचा नसतो, आणि पाने करपतील इतकाही द्यावयाचा नसतो. उंचावर सूर्याची अतिनील किरणे तीव्र असतात. त्यांपासून बचाव म्हणून मण्याची साल जाड व अधिक रंगदार होते.

आम्लता : मणी पिकू लागला की त्यातील मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनात खर्च होऊ लागते. हवा जितकी उष्ण तितका हा खर्च अधिक. दिवसाच्या उन्हाने पाने साखर तयार करीत राहतात आणि रात्रीच्या थंडीने आम्लाचा खर्च मंदावतो. त्यामुळे गोडी चढली तरी आंबटपणा शिल्लक राहतो. केवळ ब्रिक्स पाहून तोडणी करणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. गोडीबरोबर आम्लता, बियांचा रंग व सालीची चव ही तिन्ही पाहावी लागतात.

निरोगी साल : कोरड्या हवेत केवडा व फळकुज यांचा उपद्रव कमी, म्हणून फवारणीही कमी. परंतु मेन्दोसा संकटांपासून मुक्त आहे असे समजू नये. उन्हाळ्यातील गारपीट तेथील बागायतदाराची सर्वांत मोठी धास्ती असून अनेक बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात. पर्वतावरून उतरणारा सोन्दा नावाचा उष्ण व कोरडा वारा कोवळे फुटवे होरपळवितो. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस पडलेल्या उशिराच्या हिमदवाने नुकत्याच फुटलेल्या वेली काळ्या पाडल्या आणि पुढच्या हंगामाचा माल फार घटला. २०१४ ची फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी सोसली, त्या आपल्या शेतकऱ्यांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कोणत्या अन्नासोबत

अर्जेंटिनात हे मद्य जेवणाबरोबर घेतले जाते. तेथील प्रसिद्ध भोजन म्हणजे आसादो. लाकडाचे निखारे करून त्यांच्या धगीवर गोमांसाचे मोठे तुकडे तास-दोन तास सावकाश भाजतात. मसाला म्हणजे बहुधा नुसते मीठ. सोबत लसूण, कोथिंबिरीच्या जातीची पार्सली, ओरेगानो, तेल व सिरका यांची चिमिचुर्री नावाची चटणी घेतात. जिरे, कांदा व खिमा भरलेल्या, करंजीसारख्या दिसणाऱ्या एम्पानादाही या मद्यासोबत खातात.

ही जोडी जमण्याचे कारण साधे आहे. मद्यातील तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांस चिकटतात आणि तोंड कोरडे पडते. मांसातील प्रथिने व चरबी तोंडात असली की तुरटपणाची धार बोथट होते. मिठानेही कडवटपणा कमी भासतो. आणि मद्याचा आंबटपणा चरबीचा ओशटपणा दूर करतो. जुने, कडक चीज, भाजलेले मशरूम, निखाऱ्यावर भाजलेली वांगी यांच्याशीही ते जुळते. तेलकट मासळीबरोबर तुरट तांबडे मद्य घेतल्यास तोंडास धातूसारखी चव येते. गोड पदार्थाबरोबर ते आंबट व फिके लागते. मिरचीच्या जहाल तिखटाबरोबर मद्यार्काची आग अधिक भासते, म्हणून आपल्या झणझणीत रश्श्याशी याचे सहसा पटत नाही. हे मद्य १६ ते १८ अंश तापमानास द्यावे असा संकेत आहे. आपल्याकडील उन्हाळ्यातील खोलीच्या तापमानास ते दिले तर मद्यार्काचा उग्रपणा वर येतो आणि द्राक्षाचा गुण झाकला जातो.

वजनाच्या मागे लागल्याचा परिणाम

आता बैठकीतील त्या प्रश्नाकडे वळू. मेन्दोसाचा इतिहास केवळ यशाचा नाही. १९७० च्या सुमारास अर्जेंटिनात दरमाणशी वर्षाला सुमारे ९० लिटर मद्य खपत असे. त्यातील बहुतेक स्वस्त, रोजच्या जेवणातले. कारखाने वजनावर द्राक्षे घेत. शेतकऱ्यांनी साहजिकच भरघोस वजन देणाऱ्या क्रियोया, सेरेसा या गुलाबी द्राक्षांच्या जाती लावल्या, भरपूर पाणी दिले आणि मालबेकच्या जुन्या बागा उपटल्या. १९६० च्या दशकात देशात ५० हजार हेक्टरांहून अधिक मालबेक होते. १९९० च्या सुमारास ते सुमारे १० हजार हेक्टरांवर आले. दरम्यान खप घटत गेला आणि भाव कोसळले. १९७७ ते १९९२ या काळात देशातील एकूण द्राक्षक्षेत्र सुमारे साडेतीन लाख हेक्टरांवरून सुमारे दोन लाख दहा हजार हेक्टरांपर्यंत उतरले. कित्येक कुटुंबांची पिढीजात बाग गेली.

यात शेतकऱ्याची चूक होती काय? तसे म्हणता येणार नाही. वजनास भाव होता म्हणून त्याने वजन पिकविले. बाजाराने गुणाची किंमत द्यावयाचे ठरविले, तेव्हा तोच शेतकरी गुण पिकवू लागला. १९९० नंतर मद्यनिर्मात्यांनी निर्यातीकडे लक्ष दिले, उंचावर ऊको खोऱ्यात नव्या बागा लावल्या, उरलेल्या जुन्या बागांतील निवडक वेलींच्या काड्या घेऊन लागवड वाढविली आणि उत्तम मालास वेगळा भाव दिला. आज अर्जेंटिनात मालबेकखालील क्षेत्र पुन्हा ४० हजार हेक्टरांच्या वर आहे. ज्यांनी पडत्या काळात जुन्या बागा राखल्या, त्यांच्याच वेलींवर हा विस्तार उभा राहिला.

आपल्याकडेही थोड्या वेगळ्या रीतीने हाच अनुभव आला. २००१ च्या राज्यधोरणानंतर नाशिक व सांगली भागात मद्याच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली आणि अनेकांनी त्या बागा उपटून टाकल्या. म्हणून त्या बागायतदारास आज उत्तर द्यावयाचे तर ते असे : घड विरळ करण्याचा सल्ला शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे, परंतु भाव केवळ वजनावर असेल तर तो सल्ला शेतकऱ्याच्या पदरात तोटा घालणारा आहे. आधी गुणांवर आधारलेला लेखी करार आणि मग विरळणी, हाच क्रम योग्य होय.

आपल्यासाठी बोध

१. परक्या देशाची जात वा पद्धत डोळे झाकून आणू नये. मेन्दोसाची वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपत नाही, म्हणून आपल्याला एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. आपला पाऊसही वेगळ्या काळात येतो. आपल्याकडे तांबड्या मद्यासाठी मुख्यतः शिराझ व कॅबरने सॉव्हिन्याँ रुळली आहेत, त्यास कारण आहे.

२. मद्याच्या द्राक्षास पाण्याचा ताण द्यावयाचा तो वेळ पाहून व बेताने. खाण्याच्या द्राक्षास हा नियम लावू नये. तेथे ग्राहकास मोठाच मणी हवा असतो.

३. लागवडीपूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करावा. त्यात जात, गोडी, आम्लता, घडाची अवस्था, भावाचे टप्पे व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी. करार मराठीत वाचून समजून घेतल्यावाचून सही करू नये.

४. पाण्याची पाळी गावाने मिळून ठरवावी व ती पाळावी. पाटाच्या शेवटच्या शेतास पाणी पोहोचले, तरच व्यवस्था चालली असे समजावे.

५. भाव पडला म्हणून सारी बाग एकाच हंगामात उपटण्यापूर्वी, निदान उत्तम वेलींचा एखादा तुकडा राखता येतो काय, हे पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बैठकीत पुढील प्रश्न घ्यावेत. आपल्या गावात पाण्याची वाटणी कोण ठरवितो, आणि शेवटच्या शेतकऱ्यास ती मान्य आहे काय? आपल्या कोणत्या पिकास वजनावर भाव मिळतो आणि कोणत्या पिकास गुणावर? गुणावर भाव मिळावा यासाठी गावाने एकत्र येऊन कोणाशी बोलणी करावयास हवीत? या प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या वहीत लिहून ठेवावीत आणि पुढील हंगामाची छाटणी सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा वाचावीत.